झेंडूच्या हाराचा हूक

एडवण, १० ऑगस्ट २०२५

निमेश,

वर चि. लिहिलं होतं, ते खोडलं. पान फाडलं, दुसऱ्या पानावरही तेच झालं, तेव्हा नुसतं नाव ठेवलंय. तुला काही वाटलं तर वाटू दे.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. आईच्या फोनवरून बोलायचं तर ती शेजारी बसून दोन्ही कान लावते, आणि मला जे बोलायचंय ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. तुझा गुजरातेतल्या दहेजच्या खोलीचा पत्ता तिच्याकडूनच घेतला. किंजलने मामासाठी चित्र काढलंय, ते पाठवायचंय असं सांगितलं. साफ खोटं. तुझी भाची सहा वर्षांची झाली, पण चित्रं काढत नाही, दिवसभर मांजराच्या मागे असते.

काल तू आईला फोटो पाठवलास, गेल्या दसऱ्याचा. आईने तो आळीभर फिरवला. "माजा निमेश बग, केवड्या मोठ्या मशीनशी हुबा हाय!" मीही पाहिला. तू जाड झालायस. मिशी ठेवलीयस, ती तुला अजिबात शोभत नाही. मागे तुमचं ते लोखंड दाबायचं प्रेस, आपल्या बोईसरच्या कारखान्यातल्यापेक्षा दुप्पट तरी असेल, आणि चारही खांबांवर झेंडूचे हार. कुठे दोरी नाही, कुठे चिकटपट्टी नाही. मी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला, शेवटी नुसते पिवळे ठिपके दिसायला लागले.

मला एवढंच सांग, ते हार कशाला अडकवले होते? आणि या दसऱ्याला कोण लावणार आहे? तूच का?

का विचारते ते विचारू नकोस. उत्तर दे.

हेमांगी

एडवण, ३१ ऑगस्ट २०२५

निमेश,

तू आईला फोनवर म्हणालास, "बायला सांग, पत्रं पाठवू नको." आईने निरोप दिला आणि वर माझ्यावरच डाफरली, "तुमी दोगं बोला ना एकमेकांशी. मी काय टपाल हाय?" मग दारात बसून रडली. छान केलंस.

मी पाठवणार. फाडून टाक नाहीतर चुलीत घाल, मी पाठवणार.

तू कशावरून रुसून गेलास ते मला माहीत आहे. दर्पणला उचलायच्या आधी मी सगळ्या गावासमोर तुझी कॉलर धरली आणि म्हणाले, तूच माझ्या नवऱ्याला होडीवरून उतरवून कारखान्यात नेलंस, तूच मारलंस त्याला. दिवसपाणी उरकताच तू बॅग भरलीस. तर ऐक. ते पहिलं वाक्य मी परत घेते. दर्पणला त्याच्या बापाच्या होडीचा कंटाळा आला होता. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता, कारखान्याजवळ सालवडला खोली हवी होती, आणि तुझ्या मागे लागून लागून त्याने ती नोकरी मिळवली. तू नेलं नाहीस, तो गेला.

दुसऱ्या वाक्याचं पुढे बघू.

दर्पण गेला त्या सकाळचा आवाज मी ऐकला नाही असं सगळ्यांना सांगत आले. पोलिसांना, आईला, तुलासुद्धा. मी ऐकला होता. थंडी होती, किंजलला तिच्या बापाचा मफलर गुंडाळून बसवलं होतं आणि मी नळावर तांदूळ धूत होते. एकच आवाज आला. कडकड नाही, करकर नाही. भलीमोठी काच फुटावी तसा एकदाच, आणि मग काहीच नाही. बाजूची म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर उडाला वाटतं." मीही म्हटलं, हो, असेल. आणि पुढचं पाणी ओतलं. माझा हात तांदळातच होता रे. नवरा गेल्याचा आवाज ऐकून मी तांदळातले खडे काढत होते.

आता मला कुठलंही लोखंड नुसतं बघता येत नाही. हात लावावा लागतो. बोईसर स्टेशनच्या पुलाचा कठडा, किंजलच्या शाळेचा झोपाळा, गावच्या हातपंपाचा दांडा. रंगाखाली वाटाण्याएवढी गुळगुळीत जागा लागते का, ते नखाने चाचपत बसते. परवा एसटीत खिडकीचा गज चाचपत होते तर शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली. लोकांना वाटतं, हेमांगीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आईलाही वाटतं. तिने एका भगताला विचारून आणलं, तर तो म्हणाला दर्पणचा जीव लोखंडात अडकलाय. मी त्याला हाकलून दिलं. पण खरं सांगू, तो गेल्यावर मी दाराची कडी हातात धरून बसले.

मी बोईसरच्या प्रेसचा तो तुटलेला खांब जवळून पाहिलाय, निमेश. तू पाहिला नाहीस. म्हणून तू मिशा वाढवून फोटो काढू शकतोस.

हेमांगी

एडवण, १४ सप्टेंबर २०२५

निमेश,

तुझं उत्तर नाही. असू दे.

सरकारी माणसांनी खांबाचे तुकडे पालघरच्या एका प्रयोगशाळेत तपासायला दिले होते. दर्पण गेला त्या उन्हाळ्यात मी तिथे गेले. आत सोडत नव्हते. मी बाकावर बसून राहिले, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले. शेवटी तिथली एक इंजिनिअर मुलगी बाहेर आली. समिधा नाव. वयाने माझ्यापेक्षा लहानच. म्हणाली, "ताई, तुम्हाला बघवणार नाही." मी म्हटलं, "ज्याने माझा माणूस नेला त्याचं तोंड तरी मला बघू दे." मग तिने आत नेलं.

मला वाटलं होतं, वेडंवाकडं, पिळवटलेलं काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. माझ्या मांडीएवढा जाड खांब, आणि करवतीने कापावा तसा सरळ तुटलेला. तुटलेली बाजू लखलखत होती. आपलं खडं मीठ उन्हात चमकतं ना, तशी. कडेला मात्र अंगठ्याच्या नखाएवढा एक काळसर, गुळगुळीत डाग होता. समिधाने भिंग दिलं. त्या डागात बारीक बारीक कमानी होत्या, ओहोटीचं पाणी मागे जाताना वाळूवर रेघा ठेवून जातं तशा. आणि त्या डागापासून सगळ्या चमकत्या भागावर रेघा पसरल्या होत्या. शिंपलीच्या पाठीवर असतात तशाच. सगळ्या एका ठिकाणाहून निघालेल्या.

"इथून सुरू झालं," समिधा म्हणाली.

तिने जे समजावलं ते मी तुला सांगते. तू वेल्डर आहेस, तुला यातलं निम्मं माहीत असेल. तरी वाच.

चांगलं लोखंड मोडायच्या आधी ताणलं जातं, वाकतं, कुरकुरतं. माणसाला पळायला वेळ देतं. हे तसं मोडलं नाही. याच्यात कडेला आधीच एक चीर होती, दिसणार नाही एवढी. प्रेस दाब द्यायचं तेव्हा खांब ताणला जायचा आणि सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा व्हायचा. दर दाबाला ती कणभर पुढे सरकायची. वाळूतल्या रेघा म्हणजे तिची ती चाल. महिनोन् महिने ती अशी सरकत होती आणि खाली माणसं डबे खात होती. चीर एका मापाची होईपर्यंत लोखंड तिला धरून ठेवतं. थंडीत ते माप लहान होतं, कारण थंड पडलं की असलं जाड, कडक लोखंड आणखी ठिसूळ होतं. त्या सकाळी मशीन रात्रभर गार पडलेलं, आणि पहिल्याच दाबाला ती चीर सुटली. एकदा सुटली की तिला अडवणारं काही नसतं. बाहेरून जोर लावावा लागत नाही, खांबात साठलेला ताणच तिला पळवतो.

मी विचारलं, "किती वेळ लागला असेल?" समिधा म्हणाली, "ताई, आवाज तुमच्यापर्यंत पोचला त्याच्या कितीतरी आधी सगळं झालं होतं." तिला कुठे माहीत होतं, मी आवाज ऐकलाय ते. तिने पाणी आणून दिलं.

मग मी विचारलं, पहिली चीर आली कुठून?

ती म्हणाली, त्या जागी कुणीतरी वेल्डिंगचा एक छोटा टाका मारला होता. मागून तो तोडून, ग्राइंडर फिरवून वर रंग दिला होता. असा छोटा टाका मोठ्या वेल्डिंगपेक्षा वाईट. तेवढीच जागा क्षणात लाल होते आणि भोवतालचं एवढं थोरलं थंड लोखंड तिला लगेच विझवून टाकतं. तेवढं लोखंड काचेसारखं होऊन बसतं आणि त्याला चीर जाते, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. वरून घासलं तरी चीर आत राहते. रंग दिला की दिसतही नाही.

"एवढ्या महत्त्वाच्या खांबावर कुणी टाका का मारेल?" तिने मलाच विचारलं. "कशासाठी?"

मी म्हटलं, "मला काय माहीत बाई."

कारखान्यातल्या सगळ्यांनाही विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं म्हणे. एकाही तोंडातून नाव निघालं नाही. आता तो कारखाना बंद आहे, मशीन भंगारात गेलं. समिधाच्या कागदावर फक्त 'टाका' आहे, माणूस नाही.

इथेच थांबते. हात दुखतो.

हेमांगी

एडवण, २२ सप्टेंबर २०२५

निमेश, बाकीचं वाचू नकोस हवं तर, एवढी ओळ वाच. या दसऱ्याला कुठल्याही मशीनला हुकासाठी टाका मारू नकोस, आणि गेल्या वर्षी जिथे मारलेस तिथे मशीन थांबवून तपासून घे.

आज घट बसले. खंडेनवमी दारात आली. हे लिहायचं मी दोन वर्षांहून जास्त टाळलं. पण आता टाळलं तर पुढचा आवाज दहेजला होईल आणि त्याच्याखाली तू असशील, नाहीतर कुणा दुसरीचा माणूस.

तो हूक तू मारला होतास.

मला कसं माहीत? दर्पणने सांगितलं. त्याच्या पहिल्या खंडेनवमीला तेलकट खांबावरून हार घसरून पडला. सगळ्यांचे चेहरे उतरले. आठवड्यात एकाचं बोट गेलं. झालं, सगळे म्हणायला लागले, मशीनने हार टाकला होता. पुढच्या वर्षी दर्पण तुझ्या मागे लागला. घरी आला तो हसतच. चहा पिता पिता म्हणाला, "निमेशने चारी खांबांना हूक मारलं. आता हार नाय पडाचा." किती खूश होता! त्याने स्वतः पक्कडीत धरला होता तो हूक. शर्टवर ठिणगी पडून भोक पडलं होतं, ते मला दाखवलं. मी भोक शिवलं. दसरा झाल्यावर कपडे अडकतात म्हणून तू हूक तोडलेस, घासलेस, दिवाळीला रंग मारलास. थंडी पडली आणि पुढचं झालं.

तू काही शिकाऊ नव्हतास रे. खऱ्या कामाला तू आधी गॅसने लोखंड तापवून घ्यायचास, घाई करणाऱ्याला शिव्या घालायचास. मीच ऐकलंय तुझं, "थंड लोखंडाला हात लावायचा नाही." पण हाराच्या हुकाला कोण तापवतं? ते काम थोडंच होतं. ती पूजा होती. कामाचे सगळे नियम तुम्ही कामाला पाळलेत आणि पूजेला सोडलेत. तिथे हात जोडून उभ्या असलेल्या एकालाही हे सुचलं नाही, मालकालाही नाही. म्हणून चौकशीत सगळे गप्प बसले. तुला वाचवायला नाही, सगळ्यांनाच तो हूक हवा होता.

आता सांग, मी ओरडू कुणावर? तुझ्यावर ओरडले की दर्पण पक्कड घेऊन मध्ये येतो. हसतो. चांगलं व्हावं म्हणूनच केलं ना, असं म्हणतो. मी त्याला मनातल्या मनात शिव्या देते आणि मग रडते. मेलेल्या माणसाशी भांडणं फार वाईट. तो कधी हरतच नाही.

आणि तू? तुला हे सांगितलं तर तू जगशील का, या भीतीने मी गप्प राहिले. तुझा राग सहन केला. तू समजत राहिलास, बाय नोकरीवरून बोलली. मी तसंच समजू दिलं. तुझ्या हातात अजून वेल्डिंगची कांडी आहे हे आईकडून कळायचं तेव्हा मला बरं वाटायचं. तो फोटो आला नसता तर मी मरेपर्यंत बोलले नसते. पण त्या फोटोत हार कसे सरळ लोंबतायत!

आज मी समिधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या कंपनीला तीच कळवते. मी तिच्याकडून अष्टमीपर्यंतची मुदत मागून घेतलीय. तू स्वतः सांगावंस असं मला वाटतं. तोपर्यंत कुणाला त्या मशीनखाली उभं राहू देऊ नकोस. तू नाही सांगितलंस तर ती सांगेल, आणि मग मला तुझं तोंड बघायचं नाही.

आजचं पत्र कुरिअरने पाठवते आहे. आईला काही सांगितलेलं नाही.

बाय

एडवण, ९ ऑक्टोबर २०२५

निमेश,

तुझं पत्र काल मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडीने पाय घासल्यासारखं. आईने पाकीट उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि म्हणाली, "वाच गो मोठ्यानं." मी म्हटलं, तुला नंतर सांगते. मागे विहिरीपाशी जाऊन वाचलं.

तू लिहिलंस, पहिल्या पत्रापासून सगळी वाचलीस. मग मेल्या, एका ओळीचं उत्तर द्यायला काय झालं होतं! तू लिहिलंस, तिसऱ्या पत्रातली शिंपली वाचली तेव्हाच कळलं, पण चौथं येईपर्यंत मान्य करवेना. बरं. हे मला समजतं.

तू साहेबाकडे गेलास, तो हसला. म्हणाला, हार लावायच्या हुकाने कधी प्रेस मोडतं का. मग तू मशीनचा मेन फ्यूज काढून खिशात घातलास आणि खांबाला पाठ लावून उभा राहिलास. हे वाचून मला हसू आलं. लहानपणी आईने मारायला घेतलं की असाच भिंतीला पाठ लावायचास. शेवटी तपासणीवाले आले. रंग खरवडला, लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरं फवारलं. तीन खांबांवर काही नाही. चौथ्यावर चिरेत मुरलेलं लाल पांढऱ्यातून हळूहळू वर आलं, एक रेघ. नखाएवढी. तू लिहिलंस, "बाय, मी तिथंच खाली बसलो."

मी ते वाचून विहिरीच्या काठावर बसले. इतक्या लांब बसून तू आणि मी एकच रेघ बघत होतो.

आता खरं लिहू? तिथली माणसं वाचली याचा मला आनंद झाला. आणि त्याच वेळी एवढा संताप आला की हातातलं पाकीट चुरगळलं. तिथे दिसली रेघ. वेळेवर दिसली. मग इथे का नाही दिसली? तिथल्या बायका आज फोडणी घालत असतील, त्यांना पत्ताही नसेल. त्यांना मी कधी बघितलं नाही, तरी मला त्यांचा हेवा वाटला. असं वाटू नये, कळतं. पण वाटलं.

तुला नोकरीवरून काढून टाकलं हे अपेक्षित होतं. तुझ्याबरोबरचा तो बिहारी मुलगा म्हणाला ना, "निमेशभाई, तू नहीं बोलता तो किसी को पता भी नहीं चलता." त्याला काय उत्तर द्यावं कळलं नाही असं लिहिलंयस. काही देऊ नकोस. तू बोललास म्हणून तो उभा आहे. आज ना उद्या कळेल त्याला.

शेवटी तू विचारलंस, "बाय, येऊ का? तुला माझं तोंड बघवेल का?"

मला माहीत नाही. मी कालपासून स्वतःला हेच विचारतेय. तुला मिठीत घ्यावंसं वाटतं आणि तुझ्या त्या हातांकडे बघूही नये असं वाटतं, दोन्ही एकदम. यातलं कुठलं खोटं आहे ते शोधलं, सापडलं नाही. माफ केलं असं लिहून टाकणं सोपं आहे. मी लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही.

तरी ये. आईला मी काल सांगितलं, सगळं. तिने उठून सुकटीच्या टोपल्या आत घेतल्या आणि म्हणाली, "पोराला बोलव. तिकडं एकटा काय करंल तो?" एवढंच.

राहिली किंजल. तिला मी सांगून ठेवलंय की मशीन म्हातारं झालं होतं, म्हणून मोडलं. ती अजून तेच सांगत फिरते. शाळेत बाईंनाही सांगितलं. हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि ते मी सांगणार नाही. तू सांगायचंस. येशील त्याच दिवशी, ओट्यावर बसून, माझ्यासमोर. तिच्या पप्पाने पक्कड धरली होती हेही सांग, तू टाका मारलास हेही सांग. ती काहीही विचारेल. 'पप्पाला दुखलं का' हेसुद्धा विचारेल. पळायचं नाही.

सांगून झालं की मी तुला जेवायला वाढेन. वाढताना माझ्याकडे बघू नकोस, खाली मान घालून जेव.

बाय